पुढच्याने थांबायचं

आमचे हे आठवडाभर लोकांचे दात करतात आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचे पाडून घ्यायला डोंगरात जातात. हे वाक्य माझं. त्यांच्या दोस्तांसमोर मी ते इतक्या वेळा म्हटलंय, की आता मी तोंड उघडलं की तेच ते पुरं करतात आणि खिदळतात. खिदळा म्हणावं. डोक्यावर केस राहिले नाहीत, गुडघे कुरकुरतात, तरी मोटरसायकली घेऊन दगडधोंड्यांत शिरायची हौस फिटत नाही, त्यांना मी दुसरं काय म्हणणार?

दात करतात म्हणजे कवळ्या बनवतात. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाची मापं येतात, हे गुलाबी मेणात एकेक दात बसवतात, साच्यात घालून शिजवतात आणि मग घासून-पुसून चकचकीत करतात. त्यांची कामाची खोली आणि माझं शिवणाचं दुकान यांच्यात एकच भिंत. अलीकडे मी लोकांच्या विजारी आखूड करते, चेन बदलते, उसवलेलं शिवते. पलीकडे यांचं घासायचं यंत्र दिवसभर किंचाळत असतं. कानात बोळे घाला म्हणून मी सांगून सांगून थकले. म्हणायचे, बोळे घातले तर दात कुठे जास्त घासला जातोय ते कळत नाही, ते आवाजावरूनच कळतं. काम मात्र देखणं. एक आजोबा एकदा नवी कवळी घालून आरशासमोर बसले ते उठेचनात. शेवटी त्यांच्या मुलाने हाताला धरून नेलं.

दोस्त दोनच. एक शाळेत चित्रकला शिकवतात, त्यांना सगळे सर म्हणतात. शांत माणूस, बोलतात तेही जमिनीकडे बघून, आपल्या हनुवटीला सांगितल्यासारखं. दुसऱ्याची बेकरी आहे, म्हणून त्याचं नाव भट्टी. त्याचा आवाज असा, की रस्त्यापलीकडून त्याने नमस्कार केला तर माझ्या हातातली सुई पडते. आमच्या यांना दोघं पुढारी म्हणतात, कारण डोंगरात हे कायम पुढे. वाट यांना माहीत. कुठे उजवीकडून घ्यायचं, कुठे गाडीला मोकळं सोडायचं, कुठे उतरून ढकलायचं, सगळं तोंडपाठ. घरात मीठ कुठे ठेवलंय ते मात्र अजून सापडत नाही.

गाड्या तिघांच्याही सारख्याच, हलक्या टू-स्ट्रोक. उंच सीट, खडबडीत टायर, वजन इतकं कमी की ओढ्यात पडली तर दोघं मिळून उचलून बाहेर काढतात. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकीत भरायचं. सुरू झाली की निळा धूर आणि असा एक वास, जो मी कितीही धुतलं तरी यांच्या जॅकेटमधून जात नाही. आणि वाट म्हणजे काय, तर एका चाकापुरती पायवाट. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला काही नाही. एका जागी दगड इतके हलतात की त्या चढाचं नावच त्यांनी कवळी ठेवलंय.

मी बरोबर जाते. बेकरीच्या टेम्पोत, जिथे एरवी पावाचे ट्रे असतात तिथे, गाड्या बांधायच्या आणि पहाटे निघायचं. ते वर जातात, मी पायथ्याशी घडीची खुर्ची टाकून विजारींना दुमड घालत बसते, थर्मास शेजारी. का जाते विचाराल, तर चौघांत एक तरी शुद्धीवरचं माणूस असावं म्हणून.

त्यांचा एक नियम आहे. वाट जिथे फुटते तिथे पुढच्याने थांबायचं, गाडी बंद करायची आणि मागच्या दोघांचा आवाज कानावर आल्याशिवाय हलायचं नाही. आवाज आला की लगेच निघायचं. दिसेपर्यंत थांबलं तर वाट अडते, आणि मागून चढावर येणाऱ्याचा वेग मोडला की तो पडलाच म्हणून समजा. शेवटच्याने वाटेत कुणी पडलेलं असेल त्याला उचलायचं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. मधल्याला काही काम नसतं. नवखा पाहुणा आला तर त्याला मधे घालतात. भट्टीने एकदा आपल्या मेव्हण्याला आणलं होतं, तर तिघंही त्याला काचेच्या बरणीसारखं जपत होते. घरी येऊन हे पोट धरून हसले होते.

तर, यांचे कान.

आधी किटली. किटली शिट्टी घालतेय आणि हे शेजारी उभे राहून पेपर वाचताहेत. मला वाटलं आळस. मग दाराची घंटा. मग मुलीचा फोन. मुलगी शिकायला लांब असते, तिचा आवाज माझ्यासारखा बारीक. हे फोन कानाला लावून हो हो, छान छान म्हणायचे आणि माझ्याकडे द्यायचे. एकदा ती रडत होती, परीक्षेचा पेपर वाईट गेला होता, आणि हे म्हणाले, छान छान. तिने माझ्याशी बोलताना विचारलं, बाबांना माझा राग आलाय का गं? तेव्हा मी यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, यंत्राच्या आवाजाने गेलेत. बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. घरी येताना मी रस्ताभर बोलले नाही. म्हणजे माझा आवाज गेला, लेकीचा गेला, आणि भट्टीचा राहिला. राग आला हो मला. कुणाचा ते सांगता येत नव्हतं, म्हणून यांच्यावरच काढला.

कानात घालायची मशीन आली. घरात बरी चालते. पण हेल्मेट चढवलं की ती आतल्या आत किर्र करायला लागते, म्हणून डोंगरात जाताना हे ती काढून डबीत ठेवायचे. दोस्तांना पत्ताच नाही. त्यांच्यासमोर कधी घालायचेच नाहीत.

आणि पायथ्याशी थर्मासमधला चहा पिताना भट्टी चेष्टा करायला लागला, की पुढाऱ्यांना नवीनच खूळ लागलंय. दर फाट्यावर उतरून प्लग काढून बघत बसतात. आम्ही चढावर लोंबकळत उभे, आणि हे प्लगवर फुंकर मारताहेत. टू-स्ट्रोक गाडीत ऑईल जास्त झालं की प्लग काळा पडतो, हे मलाही इतक्या वर्षांत कळलंय, पण यांच्या गाडीत तसलं काही कधी होत नसे. कार्बोरेटर यांनी स्वतः जुळवलेला, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी यांच्याकडे पाहिलं. हे कपात बघत होते.

घरी मी विचारलं. बराच वेळ टोलवाटोलवी झाली, मग कबूल केलं. मागचे दोघं दिसेपर्यंत वेळ काढायचा असतो. प्लगला काही झालेलं नाही.

मी म्हटलं, सांगून टाका ना त्यांना. दोस्त आहेत की शत्रू?

"सांगितलं तर मला मधे घालतील," हे म्हणाले.

मला तो मेव्हणा आठवला. दुसऱ्या कुणाला वाटेल, एवढंसं ते काय. पण या माणसाला मी दिवसभर त्या खोलीत वाकून बसलेला बघते. ज्यांच्या तोंडात यांचे दात आहेत त्यांतल्या कुणाला यांचं नाव माहीत नसतं. नाव दवाखान्याचं होतं. डोंगरात मात्र दोन माणसं यांच्या मागोमाग येतात. तेवढंच यांचं पुढारीपण. तरी मी बजावलं, की हे बरं नाही, मागे कुणी पडलं आणि शिट्टी मारली तर? पुढच्या वेळी सांगतो म्हणाले. ती पुढची वेळ काही येईना.

इकडे सरांना काळजी लागली. सर तोंडाने बोलत नाहीत, करून मोकळे होतात. एकदोनदा त्यांनी यांना म्हणून पाहिलं, की तुझ्या गाडीत ऑईल जास्त जळतंय, बघू का? हे खेकसले. मग सरांनी ठरवलं, पुढाऱ्याला न सांगता दुरुस्त करायचं आणि नंतर चहाच्या वेळी म्हणायचं, बघ, आता प्लग कसा स्वच्छ. गाड्या बेकरीमागच्या गोदामात असतात, मैद्याच्या पोत्यांशेजारी. सरांनी तिथे जाऊन यांच्या कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट काढला आणि बारीक भोकाचा बसवला. पेट्रोल कमी, तर त्याबरोबर येणारं ऑईलही कमी, म्हणजे प्लग काळा पडायला नको. गोदामापुढे फिरवून पाहिली, बरी चालली. दुखणं नसताना औषध दिलं त्या भल्या माणसाने. त्याला काय ठाऊक की दुखणं कानात आहे?

त्यानंतरच्या सुट्टीला मी पायथ्याशी बसले होते. तिघं वर गेले, आवाज डोंगराआड गेला, मग कवळीच्या चढावर पुन्हा आला. एक आवाज वेगळा होता. बारीक, तापलेला, चिरका. माझ्या शिलाई मशीनला तेल घालायचं राहिलं की ते असंच ओरडतं. मी मान वर केली. सर म्हणतात, ते मागून ऐकत होते, ते ओरडले, शिट्टीही फुंकली. थांबायला हवं होतं. इंजिन असं ओरडायला लागलं की कुणीही थांबतो, आणि आमचे हे तर गाडी नुसती शिंकली तरी ओळखणारे. पण हे गाडी पिळत राहिले. जो आवाज त्यांना थांबवणार होता, तोच नेमका गेलेला होता.

मग तो आवाज मधेच तुटला. ऑईल कमी पडून तापलेलं इंजिन आवळलं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि हे गाडीसकट मोकळ्या बाजूला गेले.

शिट्टी वाजत राहिली. मी खुर्ची, विजारी सगळं टाकून पळत सुटले. कशी वर पोचले मला सांगता येणार नाही. एका झुडपाने यांना धरलं होतं. त्या झुडपाला मी हात जोडले. गळ्याजवळचं हाड मोडलं, घोटा सुजून हा एवढा झाला, पण माणूस शाबूत. दोघांनी उचलून खाली आणलं. 

हे घरी आले तेव्हा हात गळ्यात बांधलेला, पाय उशीवर. सर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी इंजिन उघडून पाहिलं होतं. पिस्टनवर ओरखडे, एका बाजूने घासून गेलेला. खुर्चीत बसले, नजर फरशीवर, आणि हळू आवाजात बोलायला लागले. मी तुझ्या गाडीला हात लावला. जेट मी बदलला. तू माझ्यामुळे पडलास, कड्यावर झुडूप नसतं तर मी तुझ्या घरी कसा आलो असतो? गाडीची चावी भट्टीकडे देऊन आलोय, आता मी पुन्हा येणार नाही डोंगरात. तुला माझा राग येत असेल तर बरोबरच आहे.

मशीन उशाशी डबीत होती. हे सरांकडे बघत होते, प्रेमाने, आणि मान डोलावत होते. हो. हो हो.

सरांचा चेहरा मी पाहिला. ते उठले, नमस्कारही न करता चपला घालून निघाले.

मी दार लावून घेतलं आणि यांच्यासमोर जाऊन बसले, अगदी तोंडासमोर. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सर काय म्हणाले ते सांगितलं, आणि तुम्ही कशाला हो म्हणालात तेही. यांचा चेहरा उतरला. खिडकीतून सर दिसत होते, बेकरीच्या बाजूला वळत होते. मला सगळं कळत होतं. हे गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. चूक सरांची ठरली होती, सरांनी ती घेतलीही होती. हाड जुळलं की पुन्हा पुढे. पण मी मनात म्हटलं, तुम्ही आता गप्प बसलात, तर मी तुमच्याशी बोलायची थांबेन, आणि ते तरी तुम्हाला कळेल का?

यांनी चांगल्या हाताने डबी ओढली. मशीन कानात घातली.

"बोलाव त्याला," म्हणाले.

मी अनवाणीच धावले. सर यायला तयार नव्हते, मी त्यांना शर्टाची बाही धरून आणलं, रस्त्यावरचे लोक बघत राहिले. सर दारात उभे. यांनी मान वळवून कान दाखवला.

"मला ऐकू येत नाही. प्लगला काही झालेलं नव्हतं. तुम्ही दिसेपर्यंत थांबायचं सोंग होतं ते."

सरांनी वाकून त्या कानातली मशीन पाहिली. मग त्यांनी विचारलं, मी मागे पडलो असतो, शिट्टी मारली असती तर? हे म्हणाले, नसती ऐकू आली. काल मी शिट्टी मारली ती? ती पण नाही. सरांना मी इतक्या वर्षांत कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, आम्ही तुझ्या कानांच्या भरवशावर तुझ्या मागे येत होतो. सर गेले. मी चहा ठेवला होता, तो मी एकटीनेच प्यायला.

नंतर कुणी आलं नाही. भट्टी पाव पाठवायचा, पण नोकराच्या हाती. हे एका हाताने मेणात दात बसवायला शिकले, चिडचिड करायचे, मग तेही थांबलं. मशीन आता दिवसभर कानात असायची. मुलीचा फोन आला की सगळं ऐकायचे, विचारायचे, तिला हसवायचे. मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. गाडीबद्दल शब्द काढत नसत. मी एकदा म्हटलं, जॅकेट धुवायला टाकू का? म्हणाले, टाक.

हाड जुळलं, फडकं सुटलं, आणि एका सकाळी दोघं दारात. भट्टी मुकाट, सर पुढे. सर आत आले, यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून, यांच्या तोंडाकडे बघत, वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"तू शेवटी राहायचं. मागे कुणी नसतं, मग ऐकायचंय कशाला? पडलेल्यावर तू येऊन पोचतोसच. तुझं ऐकायचं काम आमचं."

हे म्हणाले, पुढची वाट? सर म्हणाले, वाट काय तुझ्या तीर्थरूपांची आहे? आम्हाला पण येते. यावर भट्टी असा हसला की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं. हे हसले नाहीत. विचार करून सांगतो म्हणाले, आणि दोघं गेल्यावर ते धुतलेलं जॅकेट दोरीवरून काढून घडी घालत बसले.

आम्ही गेलो. इंजिन नव्याने बांधलेलं, जेट जुना बसवलेला. मी या वेळी खुर्ची टाकली नाही. गाड्या उतरवायच्या आधीच पायी चढून पहिल्या फाट्यापर्यंत गेले आणि तिथल्या झाडाखाली उभी राहिले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

सर आधी आले, मागोमाग भट्टी. फाट्यावर जागा जरा रुंद आहे. दोघांनी गाड्या बंद केल्या, हेल्मेटं काढून मांडीवर घेतली आणि खालच्या बाजूला कान करून बसले. नियमाप्रमाणे आवाज आला की निघायचं. आवाज आला, मलाही आला, जाडसर, नीट. सरांनी मान हलवली. पण दोघांपैकी कुणी निघेना. भट्टीसारखा माणूस श्वास रोखून वळणाकडे बघत होता.

हे वळणावर आले आणि एकदम थांबले. दोघांकडे बघत राहिले. गाडी बंद करून म्हणाले, आवाज आला नाही का माझा? निघायचं होतं ना, थांबलात कशाला?

भट्टीने हाताने खूण केली, की आला, सगळा आला. आणि दोघं हेल्मेट चढवून निघून गेले.

हे तिथेच उभे. मी जवळ गेले, हेल्मेटची काच वर केली. डोळे भरले होते. मशीन कानात नव्हती, म्हणून मी काही बोलले नाही, नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. हेच बोलले, स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे फार मोठ्याने, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं.

"मी कायम पुढे असायचो गं. वळणावर आपल्यासाठी कुणी उभं असलं की कसं वाटतं, मला माहीतच नव्हतं."

मग त्यांनी किक मारली आणि त्या दोघांच्या मागे गेले.